अपघाताची भरपाई किती मिळते?



मागच्या अंकात धानोरा भागातील कामाच्या वृत्तात मी एक ओळ लिहिली होती, "अपघातग्रस्त कुटुंबांना कागदपत्रांसाठी मदत केली." त्या ओळीवरून तीन-चार वाचकांनी विचारणा केली. ही मदत म्हणजे नेमके काय? अशा केसमध्ये गरीब माणसाच्या हाती खरोखर काही पडते का? पडत असेल तर किती? प्रश्न रास्त आहेत. उत्तर एका ओळीत मावणारे नाही, म्हणून संपादकांकडून या वेळी जास्त जागा मागून घेतली.

आधी माझी एक चूक सांगतो. २०१६ साली एका पाड्यावरचा तरुण मुलगा टेम्पोच्या धडकेने गेला. दफन झाल्यावर दोन दिवसांनी टेम्पोमालकाची माणसे आली, सोबत गावचे दोन पंच. चाळीस हजार रुपये देतो, स्टँपवर अंगठा द्या, पुढे कोणी कोणाचे काही लागत नाही. मुलाच्या बापाने मला विचारले, "भाऊ, घेऊ का?" मी म्हणालो, "घ्या दादा, कोर्टात जाऊन आपल्याला काय मिळणार?" मी चांगल्या मनानेच बोललो होतो. पण मला कायद्यातले काहीही माहीत नव्हते, आणि माहीत नसताना सल्ला दिला. त्या काळी भरपाईचा दावा करायला मुदतीची अट नव्हती, हेही मला पुढे कळले. तोवर ते दादा वारले होते आणि घरात एफआयआरची झेरॉक्ससुद्धा उरली नव्हती. त्यांनी मला कधी बोल लावला नाही. तेव्हापासून मी हा विषय विचारून, वाचून, कोर्टाच्या व्हरांड्यात बसून शिकत आलो आहे. मी वकील नाही, हे वाचताना लक्षात ठेवावे.

लोक पहिल्यांदा विचारतात तो प्रश्न "रेट काय आहे?" मृत्यूचा अमुक, पाय गेल्याचा अमुक, असा ठरलेला रेट नाही. पण हिशोबाची पद्धत ठरलेली आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००९ च्या सरला वर्मा आणि २०१७ च्या प्रणय सेठी या दोन निकालांत ती घालून दिली, आणि देशभरातली मोटार अपघात दावा न्यायाधिकरणे तीच वापरतात. नंदुरबारच्या जिल्हा न्यायालयातही तीच चालते. पाचवी-सहावीच्या गणिताएवढीच ती अवघड आहे, म्हणून इथे करूनच दाखवतो.

समजा चौतीस वर्षांचा मजूर वारला. मागे बायको, तीन मुले आणि म्हातारी आई. त्याची कमाई महिन्याला १०,००० रुपये धरली, तर वर्षाचे १,२०,०००. चाळिशीच्या आतल्या, स्वतःच्या हिमतीवर कमावणाऱ्या माणसाची कमाई पुढे वाढली असती म्हणून त्यात ४० टक्के मिळवतात. झाले १,६८,०००. तो जिवंत असता तर स्वतःच्या पोटालाही खर्च केला असता, म्हणून काही भाग वजा होतो. अवलंबून असणारे चार ते सहा असतील तर चौथा हिस्सा, दोन-तीन असतील तर तिसरा हिस्सा, आणि अविवाहित असेल तर साधारणपणे निम्मा. इथे माणसे पाच, म्हणून चौथा हिस्सा गेला, उरले १,२६,०००. आता याला वयाप्रमाणे गुणायचे. ३१ ते ३५ वयाला गुणक १६, ३६ ते ४० ला १५, असा तो उतरत जातो आणि पासष्टच्या पुढे ५ वर थांबतो. १,२६,००० गुणिले १६ म्हणजे २०,१६,००० रुपये. शिवाय सहवास गमावल्याबद्दल पत्नी, प्रत्येक मूल आणि आई यांना २०१७ च्या निकालाप्रमाणे ४०,००० रुपये, अंत्यविधीचे १५,००० आणि मालमत्तेच्या हानीचे १५,०००. हे आकडे दर तीन वर्षांनी दहा टक्क्यांनी वाढतात, त्यामुळे आज ते ४८,४०० आणि १८,१५० असे धरले जातात. सगळे मिळून २२,९४,३०० रुपये.

आता याच माणसाची कमाई कोर्टाने १०,००० ऐवजी ६,००० धरली असे समजा. बाकी सारे तेच. मूळ रक्कम २०,१६,००० वरून १२,०९,६०० वर येते. आठ लाखांचा फरक पडला तो केवळ कमाईच्या पुराव्याने. आमच्या मदतीतला मोठा भाग हा पुरावा गोळा करण्यात जातो.

आपल्या लोकांची कमाई कागदावर नसते. धानोऱ्याकडून, नवापूर-तळोद्याकडून माणसे ऊसतोडीला गुजरातेत उतरतात, तिथे हिशोब मुकादमाच्या वहीत असतो. उचल किती घेतली, किती टन तोडला, किती फिटली, सगळे त्या वहीत. ती वही किंवा तिच्या पानाचा फोटो मिळाला तर कोर्टासमोर काहीतरी ठेवता येते. मुकादम साक्षीला यायला तयार झाला तर फारच उत्तम, पण तो सहसा येत नाही. सातबारा असेल, दूध डेअरीत घातल्याच्या पावत्या असतील, रोजगार हमीच्या हजेरीची नोंद असेल, बँकेच्या पासबुकात जमा दिसत असेल, तर तेही उपयोगी पडते. यातले काहीच नसेल तर कोर्ट किमान वेतनाच्या दराचा आधार घेते. तोही आधार आहे, तळ नव्हे. परिस्थिती पाहून कोर्ट त्याहून जास्त धरू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे.

बायकांचा विषय इथे वेगळा सांगायला हवा. ऊसतोडीत 'कोयता' म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मजुरी जोडीला मिळते आणि पैसे घेतो नवरा. मग बाई अपघातात गेली की कागदावर तिची कमाई शून्य! माझ्या माहितीतल्या एका दाव्यात तिला "घरकाम करणारी, उत्पन्न नाही" असेच लिहिले होते, आणि लिहिणारा तिच्याच बाजूचा माणूस होता. ती वर्षातले पाच-सहा महिने उसाच्या मोळ्या डोक्यावर वाहत होती. आणि केवळ घरकाम करणारी असती तरी त्याची किंमत शून्य नव्हतीच. जमशेदपूरच्या १९८९ मधील आगीच्या प्रकरणात, २००१ च्या लता वाधवा निकालात, न्यायालयाने गृहिणीच्या सेवेची किंमत महिना ३,००० रुपये धरली होती. २०२१ च्या कीर्ती निकालात घरकामाचे मोल पुन्हा ठासून सांगितले आणि भविष्यातली वाढही तिला लागू केली. मंडळीतल्या बहिणींनी हे आपापल्या महिला सभेत जरूर सांगावे.

दुसरा कागद वयाचा. आपल्याकडे आधार कार्डावर निम्म्या माणसांचा जन्म १ जानेवारीचा आहे, आणि वर्षही अंदाजाने टाकलेले. पस्तीस आणि छत्तीस या दोन आकड्यांमध्ये गुणक बदलतो. वरच्याच उदाहरणात १६ च्या जागी १५ आला की १,२६,००० रुपये कमी होतात. ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भरपाईच्याच एका प्रकरणात सांगितले की, आधार हा जन्मतारखेचा पुरावा नव्हे, आणि शाळा सोडल्याच्या दाखल्यावरचे वय ग्राह्य धरले. म्हणून आश्रमशाळेत दोन-चार इयत्ताच झाल्या असतील तरी तो दाखला काढून आणा.

माणूस वाचला पण अपंग झाला, तर हिशोब थोडा निराळा होतो. स्वतःच्या खर्चाची वजावट नाही. औषधोपचार, जाण्यायेण्याचे भाडे, सोबत राहिलेल्या माणसाची बुडालेली मजुरी, पुढच्या ऑपरेशनचा खर्च, सोसलेल्या वेदना, हे सारे वेगवेगळे मोजतात. पण मोठी रक्कम येते ती कमावण्याची ताकद किती गेली यावरून. सिव्हिल हॉस्पिटलच्या दाखल्यावर जो टक्का लिहिलेला असतो तो शरीराचा असतो. राज कुमार विरुद्ध अजय कुमार या निकालात न्यायालयाने हा भेद समजावून सांगितला आहे. डावा हात गेला तर सुताराचे किंवा ड्रायव्हरचे जवळजवळ सगळेच काम गेले; सरकारी कारकुनाची नोकरी मात्र तशीच चालू राहू शकते. अठ्ठावीस वर्षांचा, महिना ९,००० कमावणारा मजूर घ्या. वाढ धरून वर्षाचे १,५१,२००, गुणक १७. कमाईचे नुकसान १५ टक्के धरले तर ३,८५,५६० रुपये. ५० टक्के धरले तर १२,८५,२००. पाय तोच आणि दाखलाही तोच. फरक पडतो तो या माणसाला कोयता घेऊन उसात वाकता येते की नाही, हे डॉक्टरांनी साक्षीत सांगितले की नाही, याने. डॉक्टरांना साक्षीला बोलावणे हे काम वकिलाचे, पण आठवण आपण करायची.

आता आपल्या रस्त्यांवर रोज दिसणाऱ्या तीन गोष्टी.

मोटारसायकलवर तिघे बसले होते म्हणून भरपाई नाही, असे लोकांना सांगितले जाते. ते खरे नाही. तिघे बसणे नियमबाह्य आहेच, पण त्यामुळेच अपघात घडला किंवा इजा वाढली असे सिद्ध झाल्याशिवाय मागे बसलेल्याची रक्कम कापता येत नाही, असा २०२० चा निकाल आहे. मात्र स्वतःच चालवताना, दुसरी गाडी नसताना घसरून पडलो, तर दुसऱ्या कोणाकडून भरपाई मागता येत नाही. तिथे उपयोगी पडते ते विम्यासोबतचे १५ लाखांचे वैयक्तिक अपघात संरक्षण. ते गाडीमालक स्वतः चालवत असताना आणि लायसन्स असेल तरच मिळते. विमा काढतानाचे ते काही शे रुपये वाचवू नका.

दुसरी गोष्ट पिकअपची. लग्न, बाजार, यात्रा, मजुरी, सगळीकडे आपण पिकअपच्या मागे उभे राहून जातो. ऑक्टोबर २०२५ मध्ये अस्तंब्याच्या यात्रेहून परतणाऱ्यांची पिकअप चांदसैली घाटात उलटली, ते आपण सर्वांनी ऐकले. मालवाहू गाडीत प्रवासी म्हणून बसलेल्यांची जबाबदारी विमा कंपनीवर येत नाही, असे २००३ च्या आशा राणी निकालात ठरले आहे. स्वतःच्या मालासोबत चाललेला माणूस त्यात येत नाही. त्याला संरक्षण आहे. बाकीच्यांना गाडीमालकाकडूनच वसूल करावे लागते, आणि मालकाकडे एक जुनी पिकअप सोडून काही नसते. काही प्रकरणांत न्यायालयाने कंपनीला आधी पैसे द्यायला लावून मग मालकाकडून वसूल करायची मुभा दिली आहे, पण त्या भरवशावर राहू नये. मुले ट्रिपला किंवा संमेलनाला जाताना पिकअप ठरवणाऱ्या आपल्या मंडळ्यांना मी हे दरवेळी सांगतो आणि दरवेळी मला "भाऊ, एसटी नाही ना त्या वेळेला" असे उत्तर मिळते. तेही खरेच आहे.

तिसरी गोष्ट, धडक देऊन पळून गेलेली गाडी. नंबर कोणी पाहिला नाही म्हणून घरची माणसे गप्प बसतात. १ एप्रिल २०२२ पासून अशा प्रकरणांत मृत्यूला २ लाख आणि गंभीर दुखापतीला ५०,००० रुपये मिळतात. आधी ते २५,००० आणि १२,५०० होते. यासाठी कोर्टात जावे लागत नाही, प्रांत किंवा तहसीलदार कार्यालयात अर्ज करायचा असतो. जानेवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर जे आकडे आले ते वाचून मी थक्क झालो. २०२२ या वर्षात देशात अशा अपघातांची संख्या ६७,३८७, आणि २०२२-२३ मध्ये आलेले अर्ज २०५! त्यानंतर न्यायालयाने पोलिसांना सांगितले आहे की, या योजनेची माहिती पीडितांना त्यांनीच द्यावी.

शेतकरी कुटुंब असेल तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेतून मृत्यूला २ लाख मिळतात. त्यासाठी तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे ३० दिवसांत अर्ज जायला हवा. हे दाव्याच्या भरपाईपेक्षा वेगळे आहे.

आता वेळेबद्दल. १ एप्रिल २०२२ नंतरच्या अपघातांसाठी कायद्यात सहा महिन्यांची मुदत घातली आहे. या अटीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेले आहे, तरी निकालाची वाट पाहत बसू नका, सहा महिन्यांच्या आतच दावा दाखल करा. आणि जिथे अपघात झाला तिथेच जावे लागते असेही नाही. आपण राहतो त्या भागातल्या न्यायाधिकरणात दावा करता येतो. आपल्या सीमेवरच्या गावांना याचा फार आधार आहे, कारण अपघात होतात बारडोली-सुरतेकडे आणि माणसे राहतात इकडे.

तडजोडीबद्दल वाचकांनी खास विचारले आहे. तडजोडीचे चार प्रकार आमच्या पाहण्यात येतात. पहिला गावातला, स्टँपवरचा. त्याची गोष्ट वर आलीच. असा कागद झाला म्हणजे हक्क संपलाच असे नाही, पण पुढे समोरचा वकील तो कागद काढतोच. दुसरा प्रकार चूक कोणाची हे न तपासता मिळणाऱ्या रकमेचा, म्हणजे मृत्यूला ५ लाख, गंभीर दुखापतीला अडीच लाख. ही रक्कम स्वीकारली की मोठा दावा संपतो, हे सही करण्याआधी समजून घ्यावे. म्हातारा, एकटा माणूस असेल आणि चूक सिद्ध करणे कठीण असेल, तर ५ लाख चांगले. वरच्या चौतीस वर्षांच्या मजुराच्या घराला ते फार थोडे. तिसरा प्रकार विमा कंपनीच्या अधिकाऱ्याने लेखी देऊ केलेल्या रकमेचा. चौथा लोकअदालतीचा. लोकअदालतीत कंपनी सहसा हिशोबापेक्षा कमी देते, पण लवकर देते. तिथल्या निवाड्यावर अपील नाही. कोर्टातून पूर्ण निकाल घेतला तर दाव्याच्या तारखेपासून व्याजही मिळते, मात्र वर्षे जातात, आणि कंपनी छत्रपती संभाजीनगरच्या खंडपीठात अपिलात गेली तर आणखी जातात. काय घ्यावे हे घरच्या गरजेवर आहे. माझे मत विचाराल तर, आधी वरचे गणित कागदावर मांडावे, आणि त्याच्या निम्म्याहून कमी असेल तर मान हलवू नये.

वकील फुकट मिळतो. अनुसूचित जमातीच्या माणसाला, आणि कोणत्याही स्त्रीला व बालकाला, उत्पन्न न पाहता जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळण्याचा हक्क १९८७ च्या कायद्याने दिला आहे. फोन क्रमांक १५१००. "मिळेल त्यातले चाळीस टक्के माझे" असे सांगणारे लोक हॉस्पिटलच्या दारातच भेटतात. भरपाईतला हिस्सा फी म्हणून ठरवणे वकिलांना नियमानेच मना आहे.

पैसे मिळाल्यावर पुढे काय, हाही प्रश्न असतो. अशिक्षित वारसांची रक्कम लुबाडली जाऊ नये म्हणून न्यायालये ती मुदत ठेवीत ठेवायला लावतात, मुलांचा हिस्सा सज्ञान होईपर्यंत, आणि व्याज दरमहा खात्यात येते. याचा घरच्यांना राग येतो. एका दिराने तर माझ्याशी बोलणे सोडले. पण मी तरी या व्यवस्थेच्या बाजूने आहे.

तुमच्या देणगीतून काय होते, तेही सांगायला हवे. वकिलाला आम्ही पैसे देत नाही. खर्च होतो तो तारखेच्या दिवशीच्या एसटी भाड्याला, बुडालेल्या मजुरीला, झेरॉक्सला, आणि गुजरातीतल्या एफआयआरचे मराठी करून घ्यायला.

हे शेवटचे काम ज्यांच्यासाठी केले, त्या धानोऱ्याकडच्या बहिणीचे उदाहरण मी वर नाव न घेता गणितात वापरले आहे. नवरा २०२५ च्या फेब्रुवारीत हद्दीपलीकडे पिकअपच्या धडकेत गेला. स्टँप घेऊन माणसे तिच्याकडेही आली होती, पन्नास हजार रुपये घेऊन. तिने त्यांना चहा दिला आणि म्हणाली, "भाऊंना विचारते." या वेळी भाऊंना थोडे माहीत होते. दावा जुलैमध्ये, मुदत संपायच्या काही दिवस आधी दाखल झाला. शाळेच्या दाखल्यावर वय चौतीस निघाले, आधारावर छत्तीस होते. मुकादमाच्या वहीची दोन पाने मिळाली, तिसरे ओले होऊन गेले होते. गेल्या लोकअदालतीत कंपनीने ११ लाख देऊ केले. तिने सासूकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि वकीलबाईंना सांगितले, "अजून थोडे थांबते." पुढची तारीख पावसाळ्याआधीची आहे. तिच्यासाठी आणि मुकादमाने साक्षीला यावे यासाठी प्रार्थना करावी.